संशयित कोण?

दोस्तांनो, रात्रपाळी संपवून खंडाळ्याला उतरलो. टपरीवर कुठल्याशा खुनाची चर्चा. एक शहाणा बोलला, ‘पालवाल्यांचंच काम!’ पुरावा काय? जात!

याच पुराव्यावर माणसं फासापर्यंत जातात. 2003 साली नाशिक जिल्ह्यात पाच खून पडले. वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या फोटोंतून चार जण ओळखले. ते राहिले बाजूला, अडकले सहा भटके. 2006 ला फाशी. 2009 ला सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीच दिली. त्यातला एक घटनेच्या वेळी अठराचाही नव्हता. अन् 2019 ला तेच न्यायालय म्हणालं, निर्दोष! भरपाई प्रत्येकी 5 लाख. सोळा वर्षं भागून बघा, महिन्याला 2600 रुपये. एवढाच माणसाचा भाव?

1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 ला गेला. डोक्यातला कोण रद्द करणार?

आता खरं सांगतो. टपरीवर मीही गप्प बसलो. मोर्च्यात घसा फोडणारा मी, चहा पिऊन उठलो. वस्तीबाहेर राहिल्याचं दुःख आपल्याला ठाऊक. मग गावाबाहेरच्या पालाला आपण परकं का मानतो? बाबासाहेबांची घटना काय फक्त आपल्या वस्तीपुरती?

उद्या परत त्याच टपरीवर जाणार. मोठ्यानं विचारणार, पुरावा दाखव! तुम्हीही विचारा.

जयभीम!