‘काळच तसा होता’ म्हणे!

प्राचीन अथेन्सच्या लोकशाहीबद्दल काही वावगं बोललं की एक उत्तर ठरलेलं असतं: ‘अरे, काळच तसा होता. आजच्या चष्म्यातून नको बघूस.’ हे ऐकून ऐकून मला वैताग आलाय. कारण हे उत्तर समजूतदार वाटतं, पण चूक आहे.

इ.स.पू. 451 पर्यंत बाप अथेन्सचा असला की पुरायचं, आई कुठलीही चालायची. त्या वर्षी पेरिक्लीझने कायदा करून घेतला: आई आणि बाप दोघंही अथेन्सचेच हवेत. म्हणजे दार पूर्वापार इतकं चिंचोळं नव्हतं, ते मत देऊन चिंचोळं केलं गेलं. पुढे साथीत पेरिक्लीझची दोन्ही औरस मुलं गेली. उरला तो मिलेटसच्या अस्पाशियाचा मुलगा, बापाच्याच कायद्याने परका. मग साहेबांनी लोकांना गळ घातली आणि सवलत मिळाली. काळ आडवा आला नाही!

बाकीच्यांचं काय? बाहेरून येऊन अथेन्समध्ये राहणारे ते मेटिक. पुरुषाला वर्षाला 12 ड्राक्मा कर, स्वतंत्र राहणाऱ्या बाईला 6. खास परवानगीशिवाय जमीन नाही, घर नाही. युद्धात मात्र लढायचं. मुलं-नातवंडं तिथेच जन्मली तरी मेटिकच.

लिसियास असाच एक. त्याचे वडील सिरॅक्यूजचे, पेरिक्लीझच्याच सांगण्यावरून अथेन्सला आलेले. घरची ढाली बनवायची कार्यशाळा होती. इ.स.पू. 404 मध्ये तीस जणांच्या हुकूमशाहीने पैशांसाठी श्रीमंत मेटिक हेरले. लिसियासचा भाऊ पोलेमार्कस याला खटला न चालवताच विष प्यायला लावलं. त्याच्या बायकोच्या कानातल्या सोन्याच्या रिंगासुद्धा ओरबाडल्या. लिसियास निसटला आणि लोकशाहीवाद्यांना त्याने पैसे दिले, ढाली दिल्या.

लोकशाही परत आली. थ्रॅसिब्युलसने ठराव मांडला, की आपल्या बाजूने उभे राहिले त्यांना नागरिकत्व द्या. त्यांत काही गुलामही होते. आर्किनसने तो ठराव बेकायदा म्हणून कोर्टात खेचला आणि रद्द करवला.

आता सांगा, यातला ‘काळ’ कोण? थ्रॅसिब्युलस की आर्किनस? दोघं एकाच शहरातले, एकाच वर्षातले, हुकूमशाहीविरुद्ध एकाच बाजूने लढलेले. एकाला दार उघडावंसं वाटलं, दुसऱ्याने ते लावून घेतलं. प्लॅटियातून जीव वाचवून आलेल्यांना याच अथेन्सने नागरिक करून घेतलं होतं. इ.स.पू. 405 मध्ये सामोसच्या लोकांनाही. कल्पना सुचली नव्हती असं नाही, सोयीचं असेल तेव्हा ती अमलातही आणली होती. ‘काळच तसा होता’ म्हणताना आपण आर्किनसला त्याच्या निर्णयातून मोकळं करतो आणि थ्रॅसिब्युलसला इतिहासातून पुसून टाकतो.

आणि लिसियासलाही संत करायला नको. त्याच्या घरातून तीस जणांनी जे लुटलं त्यात 120 गुलाम होते. हा आकडा त्याच्याच भाषणात आहे, ढाली आणि सोन्याचांदीच्या यादीत. त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्याने दिलेलं नाही.

पुढे लिसियासला नागरिकांइतकाच कर भरायची मुभा मिळाली, मत द्यायची नाही. तो कोर्टासाठी भाषणं लिहून द्यायचा. अथेन्सचे नागरिक ती पाठ करायचे आणि आपली म्हणून म्हणायचे.