जॅकेट नंतर, ब्रेक आधी!

पावसाळा आला की हॉस्टेलवर सायकलने मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरून कोकणात जायचे प्लॅन्स शिजतात. पहिला खर्च होतो तो महागड्या रेनजॅकेटवर. माझ्या मते इथेच गणित उलटं होतं.

'ब्रीदेबल' जॅकेटचा फंडा साधा आहे. आतली वाफ बाहेरच्या कोरड्या हवेत जाते. पण जुलैत घाटातली हवाच बाष्पाने भरलेली! मग घाम आतच साचतो. चढावर तुम्ही भिजणारच. उतारावर वारा अडवायला साधं विंडचीटरही चालतं.

खरा प्रश्न ब्रेकचा आणि कोरड्या कपड्यांचा. ओल्या रिमवर ब्रेकचं रबर आधी पाणी पुसतं, मग पकड घेतं. घाटाच्या वळणावर तेवढा उशीरही महागात पडतो. आणि मुक्कामाला बदलायला कोरडं काही नसेल, तर जुलैतही हुडहुडी भरते.

म्हणून टेस्टिंग घाटात नको, हॉस्टेलच्या बाथरूममध्ये करा. बॅगेत कोरडा पेपर कोंबा आणि २० मिनिटं शॉवरखाली ठेवा. पेपर कुठे ओला झाला ते बघा. बहुतेकदा कापड नाही, शिवण गळते. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला, तोंड पिळून, दुमडून बांधा. झालं काम! मग ब्रेकवर पाणी ओतून कॅम्पसच्या रिकाम्या रस्त्यावर सायकल किती अंतरात थांबते ते मोजा.

लॅबमध्ये आपण प्रत्येक गोष्टीचं रीडिंग घेतो. मग जिथे जिवाशी गाठ आहे, तिथे नुसत्या लेबलवर विश्वास का ठेवायचा? बघा, पटतंय का!