फडातली भीती

या आठवड्यात मला राग आला तो एका बाडावरून. मंचरची दोन पोरं भुताच्या सिनेमाची कथा घेऊन आली होती. माझ्याकडे अशी बाडं येतात आणि मी ती शेवटच्या पानापर्यंत वाचतो, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. पैसे बेताचे, कॅमेरा उसना, नट म्हणजे कॉलेजातले सोबती. जुन्या भयपटांना मुजरा करायचा, असा त्यांचा बेत. इथवर मला सगळं आवडलं. पण कथेत निघालं काय? झुंबराची हवेली, लाल डोळ्यांची गोरी बाई आणि तिला हवेत उडवायला संगणकाची करामत. मी म्हटलं, "अरे, आंबेगाव तालुक्यात झुंबर कुठं पाहिलंत? घराच्या मागं ऊस आहे, तिथं का नाही गेलात?" त्यावर एक जण म्हणाला, "काका, उसात काय दाखवणार? नुसतं पाचट."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

त्यांनी 'लपाछपी' पाहिलेला नव्हता. विशाल फुरियाचा हा मराठी सिनेमा २०१७ साली आला. पूजा सावंत गरोदर बाईच्या भूमिकेत आणि उषा नाईक तिला आसरा देणारी तुळसाबाई. उसानं चहूबाजूंनी वेढलेलं एक घर आणि मोजकी माणसं, एवढाच पसारा. पुढं २०२१ मध्ये फुरियानंच त्याचा हिंदीत 'छोरी' केला. भूत कशाचं आहे हे कळतं तेव्हा पोटात खड्डा पडतो, कारण ते पोटातच मारलेल्या, जन्मताच संपवलेल्या मुलींचं दुःख आहे. पण त्याआधीच, भर दिवसा, ती बाई फडात शिरते आणि चार पावलांवर वाट हरवते तेव्हाच मी खुर्चीत आवळून बसलो होतो. तिथं दाखवलेलं काहीच नाही. पानं सळसळतात, पोरांचा आवाज येतो, बस्स.

जुन्या लोकांना हे कळत होतं. हिंदीत भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. वडिलांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा १९७० चा सिनेमा पडला, पण पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करायला येतात तेवढ्या प्रसंगाला लोक घाबरतात, हे या भावांनी थिएटरात बसून हेरलं. मग १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे'. महाबळेश्वरला जाऊन तो काढला, घरातल्या घरात कामं वाटून घेतली. एक भाऊ कॅमेऱ्यामागं, एक आवाजाला, एक संकलनाला. 'पुराना मंदिर' मी जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून पाहिला. पडदा वाऱ्यानं हलायचा आणि त्याबरोबर त्यातल्या सैतानाचं, सामरीचं तोंडही हलायचं. आयाबाया पोरांचे डोळे झाकायच्या आणि स्वतः बघायच्या. पैसे कमी होते म्हणून ते सिनेमे भिववत नव्हते असं मला कुणी सांगू नये. प्रेक्षक कशाला भितो हे त्यांनी आधी पाहिलं, मग कॅमेरा लावला. मुजरा करायचा तर तो या नजरेला करावा. झुंबर उचलून आणण्यात मुजरा नाही.

आणि आमचा प्रेक्षक कशाला भितो, हे जुन्नर-आंबेगावात विचारावं लागतं का? येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाटाला पाणी आलं, उसाला कारखाने आले. आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो, माणसाच्या डोक्याच्या वर जातो. बिबट्याला याहून चांगलं घर कोण देणार? आडोसा आहे, पाणी आहे, वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या आहेत. बिबट्याची मादी तिथंच वितेही. तोडणीला कोयता चालू झाला की सरीत बछडी सापडतात. मग टोळी बाजूला होते आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची, वन खात्याची माणसं ती बछडी रात्री त्याच शेतात ठेवून आईची वाट पाहतात. ही माणसं चांगलं काम करतात, मी ते पूर्वीही लिहिलं आहे. पण ज्या घरातलं लेकरू अंगणातून गेलं, त्या घराला हे सांगायला माझी जीभ उचलत नाही.

'नुसतं पाचट' म्हणणाऱ्या त्या पोराला मी विचारलं, "तुझा चुलता रात्री दारं धरायला जातो ना?" जातो म्हणाला. थ्री फेज लाईट पाळीनं येते, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन निघतो. मोटर चालू करतो, पाणी सरीत सोडतो, सरी भरली की वाकून दारं मोडतो. हे वाकणंच घातक आहे. वाकलेला, बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतो, म्हणून एकट्यानं वाकून काम करू नका असं वन खात्याचे लोक गावोगाव सांगतात. पण पाण्याला सोबत कुठून आणायची? बायको घरी पोरांना सांभाळत जागी असते. मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावून माणूस सरीसरीनं पुढं जातो. पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही आणि पाचट वाजलं तरी ते वाऱ्यानं वाजलं की कशानं, हे कळायला मार्ग नसतो. या तालुक्यांत अशी कित्येक माणसं आज रात्रीही फडात उभी असतील, आणि आपण पिंजरे किती लावले याचीच चर्चा करत बसलो आहोत. पिंजरा हवाच. पण रात्री माणसाला फडात जावंच लागू नये, ही मागणी त्याच्याआधीची आहे.

शेतीला दिवसा वीज द्यायची म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. योजना मला पटते. बिबट्याच्या पट्ट्यातल्या वाहिन्या तिच्यात सर्वांत आधी घ्या, एवढंच माझं म्हणणं. जुन्नर वनविभागातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत कुठल्या गावाला दिवसाची लाईट कोणत्या महिन्यात मिळणार, ती तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठरावाचा मसुदा ज्यांना हवा असेल त्यांना मी लिहून देईन.