पासबुकातली न लागणारी ओळ

कल्याणहून माळशेज घाट चढून आले की थोड्याच अंतरावर मढ लागते. खाली पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी, डोंगराच्या अंगाला महादेव कोळी आणि ठाकरांच्या वाड्या. भात, नाचणी, उन्हाळ्यात बाळहिरडा आणि उरलेले महिने नारायणगावकडे मजुरी. या टापूतली एखादी बाई पासबुक भरायला यंत्रात सरकवते. यंत्र करकरत चार-सहा ओळी छापते आणि त्यातली एक ओळ तिला लागत नाही. दोन-तीन इंग्रजी आद्याक्षरे, पुढे 17.70 आणि शिल्लक तेवढ्याने कमी. खिडकीवर विचारले तर “चार्जेस कापलेत, मावशी” एवढेच कळते. मागे रांग असते आणि परतीची एसटी गाठायची असते.

15 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे ते 17 रुपये 70 पैसे. ते मागायला पुन्हा शाखेत जायचे तर येण्याजाण्याचे भाडे त्याहून जास्त, वर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून कोणी मागत नाही. न मागितलेल्या अशा रकमा साचून त्यांचे कोटी होतात.

न लागणाऱ्या ओळीचे दुःख या डोंगराला नवे नाही. 1873 च्या सुमारास आंबेगावच्या जांभोरीचे होनाजी केंगले सावकारांवर धाडी घालत पुणे, नगर, नाशिक, ठाण्याच्या डोंगरांतून फिरत होते. सरकारने त्यांना धरून देणाऱ्याला हजार रुपयांचे इनाम लावले आणि 1876 मध्ये ते पकडले गेले. त्यांच्याआधी 1840 च्या दशकात राघोजी भांगरे याच कारणासाठी उठले होते आणि 2 मे 1848 रोजी ठाण्यात फासावर गेले. कोळ्याची जमीन सावकाराकडे जाई ती बहुधा कागदावरच्या आकड्याने. घेतले किती, फेडले किती, नवे खत करताना जुने व्याज मुद्दलात किती मिळवले, हे ज्याच्याकडे वही त्यालाच ठाऊक.

12 मे 1875 ला भीमथडीतल्या सुपे गावात जे झाले ते म्हणूनच नीट पाहावे. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या उठावात लोकांनी मुख्यतः सावकारांकडची खते, रोखे, हुकूमनामे मागितले आणि ते जाळले. माणसे मारण्यावर त्यांचा रोख नव्हता. आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदाने आपण बुडालो, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

चौकशी आयोग बसला आणि त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातल्या दोन गोष्टी आज पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. पहिली, न्यायालयाने खतावरच्या आकड्यावर थांबायचे नाही, खताच्या मागे जायचे. व्यवहार पहिल्यांदा झाला तिथपासून हिशेब उलगडायचा, मुद्दल आणि व्याज वेगळे करायचे. कुळाने कर्ज कबूल केले असले तरीही. दुसरी गोष्ट माझ्या मते त्याहून मोलाची: शेतकऱ्याला प्रत्येक भरण्याची लेखी पावती, वर्षाचा खातेउतारा आणि पासबुकात हिशेब लिहून मागण्याचा हक्क मिळाला. आपण आज जे पासबुक पिशवीत घालून नेतो, ते या जिल्ह्यात एका उठावानंतर कायद्याने हक्क म्हणून आले आहे. कायद्याने सावकारी संपली नाही, त्याच्यातही पळवाटा निघाल्या. पण वही उघडून दाखवण्याची जबाबदारी वहीवाल्याची, हे तत्त्व तेव्हा ठरले.

व्याज मुद्दलाहून जास्त घेता येणार नाही, हा दामदुपटीचा नियम तर त्याच्याही आधीचा. आणखी मागे गेलो तर नाशिकच्या लेण्यात उषवदात नावाच्या दात्याचा लेख आहे. विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, तीन हजार कार्षापण नाणी ठेवली, दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण, असे त्यात स्पष्ट कोरले आहे. जुन्नरच्या लेण्यांतही श्रेणींकडच्या ठेवींचे उल्लेख आहेत. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी दर दगडावर, चारचौघांत लिहिला जात होता.

आजचा प्रश्न कर्जाचासुद्धा नाही. बाईने काहीच उसने घेतलेले नसते, तिने फक्त खाते ठेवलेले असते. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यात किमान शिल्लक लागत नाही. महिन्याला चारपेक्षा जास्त वेळा पैसे काढू द्यायचे की नाही हे बँकेने ठरवावे, पण त्यासाठी शुल्क घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक होता. तरी आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांच्या 2021 च्या अहवालांनी दाखवून दिले की स्टेट बँकेने अशा खात्यांतल्या चारनंतरच्या प्रत्येक व्यवहाराला 17.70 रुपये लावले, डिजिटल व्यवहारालाही. एप्रिल 2017 ते सप्टेंबर 2020 या काळात डिजिटल व्यवहारांवरची ही रक्कम 254 कोटींवर गेली. प्रत्यक्ष कर मंडळाने 30 ऑगस्ट 2020 ला सर्व बँकांना 1 जानेवारी 2020 पासूनचे युपीआय आणि रुपे व्यवहारांवरचे शुल्क परत करायला सांगितले. नोव्हेंबर 2021 मधल्या नोंदीप्रमाणे 90 कोटी परत गेले आणि 164 कोटी राहिले. परताव्याला जानेवारीची रेघ मारली, पण गरिबाचे पैसे त्या रेघेच्या आधीही कापले गेले होते. 1879 च्या न्यायाधीशाला व्यवहाराच्या मुळापर्यंत जाण्याचा आदेश होता.

2020 चे वर्ष मढच्या बाजूला दुहेरी फटक्याचे गेले. 3 जूनला निसर्ग वादळाने जुन्नर-आंबेगावचा हिरडा झोडपला आणि त्याच्या भरपाईसाठी आदिवासींना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. त्याच ऑक्टोबरात केंद्राने कोरोनाकाळात हप्ते थांबवलेल्या सहा महिन्यांचे व्याजावरचे व्याज परत देण्याची योजना काढली. घर, गाडी, क्रेडिट कार्ड तिच्यात होते. पीककर्ज नव्हते.

ऑगस्ट 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे आले तेव्हाही काही बँकांनी जुनी थकलेली शुल्के त्यातून वळती केली. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना, हे पैसे कापू नका, असे सांगावे लागले. किमान शिल्लक नाही म्हणून, म्हणजे पैसे नाहीत म्हणून, पैसे कापायचे. 2018 पासून बँकांनी किमान शिल्लक, जादा एटीएम व्यवहार आणि एसएमएस यांपोटी मिळून 35,000 कोटींहून अधिक वसूल केल्याचे केंद्राने ऑगस्ट 2023 मध्ये राज्यसभेत सांगितले. स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये किमान शिल्लकेची अट काढली, 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी काढली. चांगले झाले. पण आधी कापलेल्याचे काय, याबद्दल कोणी बोलत नाही.

इंग्लंडमध्ये लाखो लोकांनी बँकांनी कापलेल्या शुल्काचे परतावे मागितले. 2007 मध्ये दावे थांबवून ठेवले तेव्हाही, हलाखीत असलेल्यांची प्रकरणे बँकांनी पुढे चालवायची होती. 25 नोव्हेंबर 2009 ला तिथले सर्वोच्च न्यायालय बँकांच्या बाजूने गेले. पण हलाखीचा माणूस रांगेत पुढे, ही रीत आपण घ्यावी अशी आहे.

आज हाती आहे ते असे. शिल्लक कमी पडली तर आधी कळवून महिन्याची मुदत द्यायची आणि केवळ दंडामुळे खाते उणे होऊ द्यायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेने 20 नोव्हेंबर 2014 ला बँकांना बजावले आहे. तसे झाले नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, माहितीचा क्रमांक 14448. पतसंस्थेच्या खात्याला हा मार्ग नाही, तिथे सहकार खात्याकडे जावे लागते. साधे खाते मूलभूत बचत खात्यात बदलून मागता येते, तेही लेखीच मागावे.

पण अर्जाची ही सारी खटपट मढच्या बाईवर का? कोणत्या खात्यातून, कोणत्या तारखेला, किती कापले हे बँकेच्या संगणकाला पैशापर्यंत माहीत आहे. चुकीचे शुल्क सापडले की ते सर्व खात्यांत, सुरुवातीपासून, न मागता जमा व्हावे. आणि पासबुकात ते मराठीत छापले जावे: कशाबद्दल कापले होते, कधी, आणि आज परत केले.