दिवाळी आधी, बोनस मात्र शेवटी

गणपतीचे विसर्जन झाले न झाले तोच दुकानांतून आकाशकंदील लटकू लागतात. पितृपक्षात खरेदी करायची नाही ही अंधश्रद्धाच, मी तिची कैवारी नाही. पण त्या निमित्ताने का होईना, पंधरा दिवस बाजार जरा गप्प असे. आता घटाआधीच दिवाळीच्या सेलची पत्रके दाराच्या फटीतून आत येतात. दसरा ते दिवाळी हे पंचांगातले अंतर जेमतेम वीस दिवसांचे. बाजाराने त्याचा दीड महिना केला.

"उत्साह आहे लोकांना, तुमच्या पोटात का दुखतं?" असे मला एकदा ऐकवले गेले. ऐकवणारे सद्गृहस्थ होते हे वेगळे सांगायला नको.

सण लवकर सुरू होतो म्हणजे कुणाचे काम लवकर सुरू होते? जळमटे काढा, डबे घासा, गाद्या उन्हात टाका, भाजणी भाजा, अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घाला. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 289 मिनिटे बिनमोबदला घरकामात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88. (जे पुरुष काडी इकडची तिकडे करत नाहीत, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत!) ही सरासरी वर्षभराची. त्यात दिवाळीपूर्वीचे आठवडे वेगळे मोजले तर?

आणि ज्या घरची बाई हे करत नाही, तिथे दुसरी बाई करते. इथे आपल्याला, म्हणजे या अंकाच्या वाचकांनाही, उत्तर द्यावे लागेल. पंखे, खिडक्या, माळ्यावरची भांडी ही कामे नवरात्राआधीच 'जाता जाता' सांगितली जातात. बोनस मात्र धनत्रयोदशीला, तोही साडी किंवा मिठाईचा पुडा देऊन चुकवलेला. बोनस कायदा 1965 साली झाला, पुढे किमान दर 8.33 टक्क्यांवर गेला. पण तो कारखाने आणि आस्थापनांसाठी. चार घरची धुणीभांडी करणारीला त्यात जागा नव्हती. महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तरी दिवाळीचा जादा पगार अजून बाईसाहेबांच्या मर्जीवरच आहे.

सण लवकर आणायचा तर पैसेही लवकर आणा. घटस्थापनेला अर्धा बोनस हातात, उरलेला दिवाळीच्या आठवडाभर आधी, म्हणजे तिलाही तेल-डाळ भाव चढण्याआधी भरता येईल. साफसफाईचे दर वेगळे, आधी ठरवलेले. बोनस म्हणजे एक महिन्याचा पूर्ण पगार. साडी त्यात धरायची नाही.

ही मागणी आम्ही एका पानाच्या पत्रकात छापतो आहोत. आपापल्या सोसायटीत, दारोदार जाऊन ते वाटायला कोण तयार आहे, ते पितृपक्ष लागण्याआधी कळवा.