ऊस पाहुण्याचा, नाव आपले



“शेतीला इन्कमटॅक्स नाही, मग आपल्याला काय त्याचे?” हे वाक्य गट कार्यालयाच्या ओट्यावर मी नोकरीला लागल्यापासून ऐकत आलो आहे. त्यातला पहिला अर्धा भाग खरा. शेती उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार घटनेने राज्यांकडे ठेवला आहे आणि केंद्राच्या आयकर कायद्यात हे उत्पन्न माफ आहे. १९६१ चा जुना कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला, त्यातही माफी कायम आहे. दुसरा अर्धा भाग मात्र आपल्या पुष्कळ घरांना महागात पडेल अशी माझी समजूत आहे. मी करसल्लागार नव्हे, शेतकीची पदविका घेतलेला माणूस. पण ऊस कोणाच्या नावावर नोंदला जातो हे माझ्या खात्याचे काम आहे आणि गुंता तिथूनच सुरू होतो.

तोड लवकर मिळावी म्हणून चुलतभावाचा, मेहुण्याचा, शेजाऱ्याचा ऊस आपल्या नावावर घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. बिल आपल्या खात्यावर जमा होते, आपण ते त्याच्या खात्यावर वर्ग करतो, विषय संपला. पूर्वी संपतही होता, कारण पैसे रोखीने हातात जात. आता बहुतेक खात्यांना पॅन जोडलेला आहे. समजा चुलतभावाचे अडीच लाख तुम्ही त्याला पाठविले. त्याला विचारणा झाली तर तो काय सांगणार? “माझ्या उसाचे पैसे” म्हणेल, तर कारखान्याच्या दप्तरी ऊस तुमचा आहे. “भावाने दिले” म्हणेल, तर कायद्याच्या व्याख्येत चुलतभाऊ हा नातेवाईकच नाही!

ही व्याख्या एकदा नीट वाचण्यासारखी आहे. नवरा-बायको, सख्खे भाऊ-बहिणी, जोडीदाराचे सख्खे भाऊ-बहिणी, आईवडिलांचे सख्खे भाऊ-बहिणी, सरळ रेषेतले आजा-नातू आणि या सर्वांचे जोडीदार, एवढ्यांकडून आलेली भेट कितीही मोठी असली तरी करमुक्त. म्हणजे काकाने, मामाने, आत्याने दिलेले चालते. पण उलट पुतण्याने काकाला दिले तर चालत नाही, कारण काकाच्या बाजूने पाहिले तर पुतण्या त्या यादीत बसत नाही. चुलत, मामे, आते, मावस भावंडे तर कोणत्याच बाजूने बसत नाहीत. आपल्याकडे चुलतभाऊ म्हणजे भाऊच. हे ज्यांनी व्याख्या केली त्यांच्या घरी नसावे. यादीबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात मिळून पन्नास हजारांच्या वर रक्कम आली की वरचीच नव्हे, सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. लग्नाच्या आहेराला सूट आहे, पण ती नवरा-नवरीला मिळालेल्या आहेराला. वास्तुशांत, साखरपुडा, एकसष्टीची थैली यांना नाही. वारसाने किंवा मृत्युपत्राने आलेले माफ आहे.

दुसरी गोष्ट दाखल्याची. रिटर्न भरायचे दिवस आले की काही मंडळी टनेज वाढवून दाखला मागतात. दोन एकर ऊस, आणि दाखवायचे आहेत अठरा लाख. आता हिशेब करा. चांगली निगा राखली तर एकरी पन्नास-साठ टन, आडसालीला थोडे अधिक. शंभर टन काढणारे सभासद बोटांवर मोजण्याइतके. साठ टन आणि टनाला तीन हजार धरले तरी दोन एकरांचे तीन लाख साठ हजार होतात, तेही खत, पाणी, मजुरी वजा न करता. उरलेले चौदा लाख चाळीस हजार कोठल्या वाफ्यात पिकले? ते प्लॉटच्या दलालीचे असतात, ठेक्याचे असतात, आणि सातबाराच्या आड लपवायचे असतात. माझ्या मते असा दाखला देणारा व मागणारा दोघेही खऱ्या ऊस उत्पादकाच्या मुळावर उठतात. शेतीची माफी हा काही दगडावरचा लेख नव्हे. के. एन. राज समितीने १९७२ साली धारण जमिनीवर कर बसवावा अशी शिफारस केली होती. तो आला नाही, पण १९७३ च्या वित्त कायद्याने शेतीचे उत्पन्न कराचा दर ठरविताना मोजायला सुरुवात झालीच.

हे मोजणे कसे होते ते घरात नोकरदार असलेल्यांनी पाहावे. वजावटीनंतर पगार तेरा लाख असेल तर २०२५-२६ च्या नव्या पद्धतीने कर पंचाहत्तर हजार (उपकर वेगळा). त्याच माणसाच्या नावावर उसाचे निव्वळ चार लाख असतील, तर आधी सतरा लाखांवरचा कर काढतात, एक लाख चाळीस हजार. त्यातून आठ लाखांवरचे वीस हजार वजा करतात. भरायचे एक लाख वीस हजार. म्हणजे शिक्षक भावाच्या नावावर पाहुण्याचा ऊस घातला, तर दुसऱ्याच्या उसापायी त्याचा कर वाढतो.

दुधाचे पैसे शेतीचे उत्पन्न नव्हे, ट्रॅक्टरचे भाडे नव्हे, तोडणीच्या ठेक्याचे बिलही नव्हे. त्या बिलातून कापलेला कर रिटर्न न भरल्यामुळे सरकारजमा राहतो, तो परत मागणारे फार थोडे. बायकोच्या नावे ठेवलेल्या ठेवीचे पैसे नवऱ्याचे असतील तर व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात. विमा, भविष्य निर्वाह यांच्या जुन्या वजावटी नव्या पद्धतीत मिळत नाहीत, तेव्हा केवळ कर वाचेल म्हणून एजंटाच्या सांगण्यावरून पॉलिसी घेऊ नये. लॉटरी, लकी ड्रॉ आणि शर्यत यांच्या बक्षिसावर सरळ तीस टक्के, कसलीही वजावट नाही. बक्षीस ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल असली तर आधी कराचे पैसे, मग किल्ली. मोबाईलवरच्या पैशांच्या खेळांना तर २०२५ च्या कायद्याने बंदीच आली.

ऊसदरातला फरक हा नफावाटप नसून खर्चच आहे, हे सहकारी कारखाने आयकर खात्याशी वर्षानुवर्षे भांडले. २०१६-१७ च्या आधीच्या आकारणी वर्षांसाठी २०२३ च्या अर्थसंकल्पात ते मान्य झाले, सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळाला. वजनकाट्याची पावती खरी होती म्हणूनच हे म्हणणे ठामपणे मांडता आले.

येत्या लागणीच्या नोंदी सुरू होतील तेव्हा ज्याच्या नावाचा सातबारा, त्याच्याच नावाने नोंद द्यावी. वाटप झाले असेल तर फेरफार करून भावाभावांची नोंद वेगळी द्या. चुलतभावाला सभासद व्हायचे असेल तर त्याला सोबत घेऊन या. येताना पॅन व बँक पासबुकाची झेरॉक्स आणावी.