घरचे मैदान : भाडे कोणाचे, भार कोणावर?

व्यावसायिक क्रीडासंघ आपल्या नावाआधी एखाद्या शहराचे नाव लावतो, तेव्हा त्या शहराशी त्याचे काही नाते आहे, असे प्रेक्षक समजतो. संघचालकांच्या हिशेबात मात्र ते नाते बहुधा एका भाडेकराराएवढेच असते. करार आहे तोवर मैदान ‘घरचे’. अडचण उभी राहिली की बिऱ्हाड दुसरीकडे. अशा वेळी संघाला तात्पुरते घर कोठे मिळणार, याची चर्चा वृत्तपत्रांतून भरपूर होते. त्या घराचा खर्च कोण सोसतो, ही चर्चा मात्र सहसा होत नाही. महाराष्ट्राला तशी चर्चा करण्याची संधी एकदा मिळाली होती आणि ती दिली होती २०१६ च्या दुष्काळाने.

त्या वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. या आदेशाने १३ सामन्यांचा प्रश्न निर्माण झाला. पुढे त्यांपैकी १ मेचा पुण्यातील सामना तेवढा होऊ देण्यात आला. पुण्याच्या संघाने विशाखापट्टणमची वाट धरली. मुंबईच्या संघाने आधी जयपूर निवडले. परंतु तेथेही पाण्याच्याच प्रश्नावरून याचिका दाखल झाली आणि अखेर त्यालाही विशाखापट्टणमलाच जावे लागले. पंजाबच्या संघाने नागपूर हे दुसरे घर मानले होते; त्याचे नागपूरचे सामने मोहालीला परतले. मुंबईत व्हावयाचा अंतिम सामना २९ मे रोजी बंगळुरूला झाला. म्हणजे बेघर झालेल्या संघांना काही दिवसांतच घरे मिळाली. एका शहराने दार लावले की दुसरे शहर दार उघडून उभे असते; संघाची खरी मिळकत हीच आहे.

सामन्यांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा दावा त्या वेळी मांडला गेला होता. हा आकडा मोठा की लहान? उन्हाळी धानाला हंगामभरात १२०० मिलिमीटर पाणी धरले, तर एका हेक्टरला एक कोटी वीस लाख लिटर लागते. म्हणजे ६० लाख लिटरमध्ये आमच्याकडील जेमतेम सव्वा एकर धान पिकेल. उसाचे शेत तर त्याहूनही कमी भिजेल. सामने गेल्याने दुष्काळ हटणार नव्हता, हा क्रिकेटच्या संयोजकांचा युक्तिवाद या गणिताने खरा ठरतो. परंतु दुसरे गणितही तितकेच खरे आहे. तेच ६० लाख लिटर म्हणजे लातूरला पोहोचलेल्या पहिल्या गाडीसारख्या बारा गाड्या. पाण्याचे मोल केवळ त्याच्या परिमाणावरून ठरत नाही. ते कोठे, केव्हा आणि कोणाच्या तोंडचे आहे, यावरून ठरते. सीमान्त उपयोगितेचा हा सिद्धान्त वर्गात शिकविताना फळ्यावर दोन आकृत्या काढाव्या लागतात. त्या उन्हाळ्यात लातूरच्या नळावरील रांगेने तो आकृतीवाचून शिकविला.

दोन वर्षांनी चित्र उलटे झाले. कावेरीच्या पाणीवाटपावरून तमिळनाडूत आंदोलन पेटलेले असताना १० एप्रिल २०१८ रोजी चेन्नईच्या संघाने आपल्या मैदानावर एक सामना कसाबसा खेळला आणि उरलेले सहा सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर आणले. जे मैदान २०१६ साली पाण्यापायी सामने गमावून बसले, तेच पाण्याच्या तंट्यापायी बेघर झालेल्या संघाचे घर बनले. मात्र त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने या मैदानासाठी पवनेचे पाणी वापरण्यास मनाई केली. दोन्ही वेळा प्रश्न न्यायालयात आणला तो नागरिकांनी. मैदानाला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब ज्यांनी आधीच मांडून ठेवावयाचा, त्या शासनाने आणि संयोजकांनी तो कोणी विचारल्यावाचून मांडला नाही.

हा रोग एकट्या क्रिकेटचा नाही. हॉकी इंडिया लीग २०२४-२५ च्या हंगामात पुन्हा सुरू झाली तेव्हा सर्व सामने राउरकेला आणि रांची या दोनच शहरांत झाले. हैदराबाद किंवा तमिळनाडू यांची नावे लावणाऱ्या संघांना आपल्या प्रेक्षकांसमोर त्या हंगामात खेळताच आले नाही. अमेरिकेतील ॲरिझोना कायोटीज या बर्फावरील हॉकी खेळणाऱ्या संघाची कथा अधिक बोधप्रद आहे. ग्लेनडेल नगरपालिकेने आपल्या मालकीच्या क्रीडागाराचा करार २०२१-२२ च्या हंगामापुढे वाढविण्यास नकार दिला. संघाने मग पाच हजारांहून कमी आसनांच्या विद्यापीठीय क्रीडागारात दोन हंगाम काढले. शेजारच्या टेम्पी शहरात नवे क्रीडागार बांधण्याची योजना १६ मे २०२३ रोजी तेथील मतदारांनी फेटाळली, आणि २०२४ साली संघ सॉल्ट लेक सिटीला गेला. त्या मतदारांचा निर्णय योग्य होता की नव्हता, याविषयी मतभेद असू शकतील. परंतु त्यांना विचारले गेले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याकडे नागरिकाला विचारण्याचे स्थान एकच उरले आहे, ते म्हणजे जनहित याचिका.

पोलीस बंदोबस्ताचे उदाहरण घ्या. क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे शुल्क राज्य शासनाने २०२३ साली कमी केले आणि ही सवलत २०११ पासून लागू केली. याविरुद्धही याचिका झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सभागृहाचे भाडे आगाऊ भरणाऱ्या शिक्षकाने, कराची सूट मोजून घेणाऱ्या कारकुनाने या उदारतेचा अर्थ लावून पाहावा. जो खर्च संघ वा संघटना भरत नाही, तो नाहीसा होत नाही. तो सरकारी तिजोरीत, म्हणजे आपल्याच खिशात, येऊन बसतो.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नागपूरचे सामने गेले तेव्हा ऑटोरिक्षावाले, उपाहारगृहांतील नोकर, मैदानाबाहेर टोप्या आणि झेंडे विकणारी मुले यांची चार दिवसांची कमाई गेली. त्यांची भरपाई कोणी केली नाही. सामन्यांमुळे शहराला लाभ होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. आग्रह इतकाच की, लाभ आणि भार एकाच कागदावर, शेजारी शेजारी लिहिले जावेत.

सिहोरा परिसरातील शेतकऱ्याला असा कागद नवा नाही. बावनथडी नदीचे पाणी सोंड्याटोला उपसा सिंचन योजनेतून चांदपूर जलाशयात येते आणि कालव्याने धानाच्या बांधीपर्यंत जाते. पाणी उपसायचे तर वीज लागते, विजेचे बिल येते. शेतकऱ्याला पाण्यासाठी अर्ज करावा लागतो, पाळीची वाट पाहावी लागते, पाणीपट्टी भरावी लागते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचले नाही तर हातातोंडाशी आलेले धान वाळते, आणि त्यासाठी दुसरे शहर दार उघडून उभे नसते. धानाची बांधी विशाखापट्टणमला नेता येत नाही.

म्हणून कोणत्याही संघाला, मग तो कायमचा असो वा तात्पुरता, मैदान देताना तीन अटी करारात असाव्यात. मैदानाला प्रक्रिया केलेले सांडपाणीच वापरावे, आणि तेही दुष्काळातच नव्हे तर दरवर्षी. बंदोबस्ताचे पूर्ण शुल्क सामन्यापूर्वी भरावे. पाणी, पोलीस, वाहतूक आणि अपेक्षित उत्पन्न यांचा ताळेबंद सामने ठरण्याआधी जाहीर करून लोकप्रतिनिधींच्या सभेपुढे ठेवावा. या अटी मान्य असणाऱ्या संघाचे महाराष्ट्राने अवश्य स्वागत करावे. त्या मान्य नसणाऱ्याने अन्य घर शोधावे. ते त्याला मिळेल, हे आपण पाहिलेच आहे. हिशेब मागण्यासाठी पुढच्या दुष्काळाची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही.